पुण्याच्या फॉर्मवरची सही

प्रिय बाबा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, गाववाले उठून गेले, पण पेडणेकर काका दारातच घुटमळत राहिले. तुमच्याबरोबर बावीस वर्षं खाणीत सुरुंग भरणारा माणूस, त्यांना असं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "काका, पान देऊ का?" तर म्हणाले, "पान नको गो. तुका एक सांगूचा आसा. तुझ्या बापाशीन माका शपथ घातल्यान होती, मी जित्तो आसय तवसर बोलू नको म्हणान. आता वर्ष झाला."

गॅलरीत उभ्या-उभ्या दहा मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं आणि ते निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. आई आतून हाका मारत होती, भांडी घासायची होती.

बाबा, तुम्ही पुण्याला गेला होतात?

मला कधीच का नाही सांगितलंत? तुमच्या पोटात तर काही राहायचं नाही! आमटीत मीठ जास्त पडलं तर तिसऱ्या खोलीतल्या सावंतांना कळायचं. खाणीतल्या मुकादमाला तुम्ही तोंडावर काय सुनावलंत ते सगळ्या दिंडोशीला पाठ असायचं. आणि एवढी मोठी गोष्ट तुम्ही इतकी वर्षं गिळून बसलात?

आता मला सगळं पहिल्यापासून आठवायला लागलं आहे. काल दुपारपासून दुसरं काही सुचतच नाही.

तुम्ही खाणीतून दगड आणायचात ना! तुमचं काम कॉम्प्रेसर चालवायचं, दगडांशी तुमचा काय संबंध? पण सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोटातून कधी पांढरे, कधी गुलाबी, काचेसारखे खडे निघायचे. मुकादमाचा डोळा चुकवून तुम्ही ते डब्यात घालून आणायचात. डबा उघडला की आई ओरडायची, "भाकरेच्या डब्यात दगड कसले!" आणि मी त्यांना धुऊन खिडकीत मांडायची. खाणीचे सर्व्हेयर कामतसाहेब एकदा तुम्हाला म्हणाले, या दगडांचा अभ्यास असतो, त्याला जिऑलॉजी म्हणतात. तुम्ही ते "जिवालाजी" करून घरी आणलंत. त्या दिवसापासून मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

ते वर्ष आठवतंय? गिरण्या बंद पडून वर्ष उलटलं होतं. चाळीतले अर्धे पुरुष दिवसा घरी दिसायचे, आणि तुम्ही सकाळी कामाला निघताना त्यांच्या दारांसमोरून मान खाली घालून जायचात, जणू काम असणं हाच तुमचा गुन्हा. त्यातच माझा बारावीचा निकाल लागला. एकसष्ट टक्के. पुण्याच्या ज्या कॉलेजची स्वप्नं आपण दोघांनी रंगवली होती, त्याची यादी माझ्या कितीतरी वरच संपली.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही कामतसाहेबांना विचारून आलात. "ऐक," तुम्ही म्हणालात, "आसा एक वाट. पैला वर्ष हंयच्या कॉलेजात करूचा. विषय तेच. मार्क हाडलंस की दुसऱ्या वर्षाक विद्यापीठ बदलून पुण्याक घेतत. दोन-चार जागा दरवर्षी रिकाम्यो होतत."

मग आपण दोघं कॉलेजं बघत फिरलो. अंधेरीचं कॉलेज जवळचं, मोठं, पण तिथे जिऑलॉजी नव्हतं. बोरिवलीला माझी मैत्रीण मीनल जाणार होती, तिथेही नव्हतं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी आधी शिपायालाच गाठायचात, "दगडांचो विषय आसा काय हो तुमच्याकडे?" आणि मी लाजून खांबाआड जायची. शेवटी मुलुंडला एका कॉलेजात सापडलं. दिंडोशीहून मुलुंड! आरे कॉलनीतून, पवईवरून, दोन बस बदलून. मीनल म्हणाली, "मुलुंड? वाट लागली तुझी!" आई म्हणाली, "पोर रोज येवढा लांब जातला? नको." तुम्ही म्हणालात, "एका वर्षाचो तर प्रश्न आसा."

एका वर्षाचाच होता. आणि ते वर्ष चांगलं गेलं, बाबा. पवईचा तलाव दिसला की मी पुस्तक मिटायची. मुलुंडचे सर मला वर्गात पुढे बसवायचे. निकालात पहिला वर्ग मिळाला, आणि पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तुम्हाला यायचं होतं. पण पावसाआधी खाणीत कामाची घाई, सुट्टी मिळेना. शेवटी मीनलच्या पुण्याच्या मावशीकडे राहायचं ठरलं, आणि मी मीनलबरोबर गेले.

इथून पुढचं तुम्हाला मी कधी पूर्ण सांगितलं नाही. आता सांगते.

मुलाखत छान झाली. सरांनी टेबलावर चार दगड ठेवले आणि मी चारही ओळखले. एक तर अगदी आपल्या खिडकीतल्यासारखा होता. सर म्हणाले, "कुठे पाहिलास हा?" मी म्हटलं, "घरी." ते हसले, मीही हसले. बाहेर आले तेव्हा मी हवेत होते.

मीनल मावशीबरोबर खरेदीला गेली होती. मी हॉस्टेल बघायला म्हणून तिथल्या दोन मुलींबरोबर चालायला लागले. कॉलेज उघडलं की या माझ्या वर्गात असणार होत्या. मी आनंदात सांगत होते, "मग मी सरांना बोलली, की हा मी घरी बघितला..."

त्यातली एक थांबली. गोड हसून म्हणाली, "'बोलली' नाही गं. 'म्हणाले'." दुसरी तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. पहिलीने विचारलं, "कुठली तू?" दिंडोशी म्हटलं तर तिला ते माहीत नव्हतं. "बाबा काय करतात?"

मी म्हटलं, "खाणीत असतात."

ती म्हणाली, "अच्छा, मायनिंग इंजिनियर?"

आणि बाबा, मी हो म्हटलं.

एवढंच. एक शब्द. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. त्या मुलीही काही वाईट नव्हत्या. तिने मला पाणी दिलं, खोली दाखवली, खिडकीतली जागा मिळव म्हणून सांगितलं. मी मात्र त्या खोलीत उभी राहून एकच बघत होते. पुढच्या महिन्यात तुम्ही मला भेटायला येणार. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, हातात पिशवी, आणि दारातल्या शिपायाला मोठ्या आवाजात विचारणार, "सुनंदा खंय ऱ्हवता हंय?" मग ती मुलगी माझ्याकडे बघणार.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मला जागा मिळाली होती. सोबत एक फॉर्म होता, प्रवेश स्वीकारत आहे किंवा स्वीकारत नाही, त्यातलं एक खोडायचं आणि खाली सही करायची. आई नळावर गेली होती. मी जेवणाच्या पाटावर बसून "स्वीकारत आहे" खोडलं, सही केली आणि पेटीत टाकून आले. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी तुम्ही आलात. मी म्हटलं, "नाही मिळाली, बाबा. जागा भरल्या."

तुम्ही चप्पल काढता काढता थांबलात. "भरल्यो? मगे त्या मास्तरान तुका दगड वळखूक कित्याक लावल्यान?"

मग जे सुरू झालात! पुणं, पुण्याचे मास्तर, पुण्याचं विद्यापीठ, कुणाला सोडलं नाहीत. सावंतांनी रेडिओ बंद केला नीट ऐकू यावं म्हणून. आई रडायला लागली. तिला आजही वाटतं, पुणेवाल्यांनी तिच्या मुलीला दारातून परत पाठवलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि तुम्हाला वाटलं, मी दुःखाने बोलत नाही. तुम्ही जवळ येऊन डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला नको झाला होता, बाबा. जड झाला होता.

त्या आठवड्यात मी घरात एकदा "मी म्हणाले" असं बोलले, आणि तुम्ही हसलात. "ह्या 'म्हणाले' खंयसून शिकलंस गो?" मी रागाने उठून गेले. तेव्हापासून मी 'बोलली' म्हणत नाही. हे पत्रसुद्धा बघा, सगळं शुद्ध लिहिते आहे!

पुढे एक दिवस तुम्ही चुलतभावाच्या लग्नातला पांढरा शर्ट घातलात. आईला म्हणालात, मशीनचा पार्ट बघायला ठाण्याला जातो. मला आठवतो तो दिवस. शर्टाला इस्त्री मीच केली होती.

आता काकांनी सांगितलेलं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला एकदा नीट लिहू द्या.

त्या दिवशी तुम्ही काकांना घेऊन पुण्याला गेलात. पिशवीत जुन्या लुंगीत गुंडाळलेले दहा-बारा दगड होते, खिडकीतले सगळ्यात चांगले. वाटेत तुम्ही त्यांची नावं पाठ करत होतात. मी सांगितलेली, तुमच्या तोंडात वेडीवाकडी झालेली नावं. मास्तरांना दाखवायचे होते. म्हणायचं होतं, माझी मुलगी या सगळ्यांना ओळखते, एक जागा बघा.

ऑफिसात गर्दी होती. तुमचा नंबर आला तेव्हा क्लार्कने माझं नाव विचारलं, फाइल काढली, बघितली आणि म्हणाला, "अहो, हिला तर प्रवेश दिला होता. हिनेच नको म्हणून कळवलंय."

तुम्ही त्याला म्हणालात, "साहेब, दुसरी सुनंदा असतली. नीट बघा." त्याने फॉर्म उलटा करून तुमच्यासमोर ठेवला. काका म्हणाले, तुम्ही त्या कागदावर वाकून पुष्कळ वेळ बघत राहिलात. मागची माणसं कुरकुर करायला लागली. मग तुम्ही सही बोटाने चाचपलीत आणि काकांना हळू आवाजात म्हणालात, "तिचीच आसा. 'स'चो पाय असो लांब तीच काढता."

क्लार्कने विचारलं, आता काय करायचं? तुम्ही हात जोडलेत. "काय नाय, साहेब. चुकी माझी झाली."

तुमची?

बाहेर येऊन तुम्ही पायरीवर बसलात. काका म्हणतात, मला वाटलं आता हा घरी जाऊन पोरीला फाडून खाणार. म्हणून ते तुम्हाला समजावायला लागले, लहान आहे, जाऊ दे. तुम्ही ऐकतच नव्हतात. उलट तुम्हीच त्यांना विचारलंत, "पेडणेकरा, चेडू माका भियालां काय रे? मी सारखो आराडतंय म्हणान? जावचा नाय ह्यां माका सांगूक भियालां?"

मग तुम्ही त्यांना शपथ घातलीत आणि उठून चालायला लागलात. पिशवी पायरीवरच राहिली. काका उचलायला मागे वळले तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हवांदेत."

त्या दगडांवरून मी आईशी केवढी भांडले होते! खिडकी रिकामी बघून मी तिला म्हटलं होतं, "तूच टाकलेस. तुला ते कधी आवडलेच नाहीत." ती देवाची शपथ घेत होती आणि मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. तुम्ही मध्ये बसून वर्तमानपत्र वाचत होतात.

त्यानंतर तुम्ही कधी माझ्यावर ओरडला नाहीत. एकदाही नाही! मला वाटायचं, वय झालं. मला बरंच वाटायचं. मीनलला मी सांगायची, "आमचे बाबा आता एकदम झकास झालेत, काही बोलत नाहीत." मी मुलुंडलाच तीन वर्षं पुरी केली, पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, उशिरा घरी यायला लागले, आणि तुम्ही फक्त विचारायचात, "जेवलंस?" खाणीतून दगड आणणं बंद झालं. मी विचारलंसुद्धा नाही का ते.

आणि ते चिपळूणचे पाहुणे मला बघायला आले होते तेव्हा? मुलाच्या वडिलांनी विचारलं, "एवढे चांगले मार्क होते तर पुण्याला का नाही गेली?" मी कपबश्या गोळा करायला लागले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्येंच्याकडे जागाच नव्हती हो." साध्या आवाजात. जन्मात खोटं न बोललेला माणूस! मला त्या वेळी वाटलं, सुटले. माझं खोटं तुम्ही किती भोळेपणाने खरं मानून बसला आहात, असं मला वाटलं. थोडं हसूही आलं होतं, बाबा. ते हसू आता मला बसू देत नाही.

काल दुपारपासून असंच चाललं आहे. प्रत्येक जुनी गोष्ट परत येते आणि या वेळी तिच्यात तुम्हाला सगळं माहीत असतं. दिवाळीत मला साडी देताना तुम्हाला माहीत होतं. माझ्या पदवीचे पेढे चाळीत वाटताना माहीत होतं. मी मागे वळून बघते तो प्रत्येक दिवशी तुम्ही तिथे बसलेले असता आणि माझ्याकडे बघत असता. आज सकाळी कपाटातला तो पांढरा शर्ट काढला. खिसे चाचपले. काही नव्हतं. डांबराच्या गोळ्यांचा वास, बस.

सगळ्यात जास्त छळतो तो शेवटच्या आजारातला एक दिवस. तुमच्या छातीत खाणीची भुकटी इतकी साठली होती की एक वाक्य बोलायला तुम्हाला दोन श्वास लागायचे. मी पेज भरवत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "सुनंदा... तुका माझी भीती वाटता काय गो?"

मी हसले. म्हटलं, "काहीतरीच काय, बाबा! पेज निवतेय, घ्या."

तुम्ही मला दार उघडून दिलं होतं. मी पेजेचा चमचा पुढे केला.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही चुकीचं समजून गेलात. मी तुम्हाला घाबरले नव्हते. लहानपणापासून तुमच्या ओरडण्यावर मी झोपत आले आहे, त्याची कसली भीती? तुम्ही ओरडणं सोडलंत ते उगाचच. पाच वर्षं तुम्ही स्वतःचा आवाज दाबून बसलात आणि त्याची काही गरज नव्हती.

खरं काय ते वर लिहिलं आहे. मला तुमची लाज वाटली होती. एका दुपारी, एका अनोळखी मुलीसमोर. ते पुढे झाकून ठेवायला लागेल म्हणून मी पुण्यालाच जायचं सोडलं.

हे तुम्हाला कळलं असतं तर बरं झालं असतं, की मला तुमची भीती वाटली असं समजून गेलात तेच बरं? काल गॅलरीत उभी राहून मी हाच विचार करत होते. पण तुम्ही जो दोष स्वतःकडे घेतलात तो तुमचा नव्हता, आणि तो तुमच्या नावावर राहिलेला मला चालणार नाही.

आज सकाळी आईला सांगितलं. सगळं. फॉर्म, सही, "इंजिनियर", तुमचं पुण्याला जाणं, क्लार्कसमोर जोडलेले हात. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, सूप फेकून मारेल. मारायला हवं होतं. तिने मान वर केली नाही. खडे बाजूला काढत राहिली. मी रडत होते, तिने रडू दिलं.

मग सूप खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी डबो घरातच ऱ्हवललो त्येंचो. माका म्हणाले, ठाण्याक जेवलंय." आणि तिने मला विचारलं, "मगे जेवले खंय ते?"

बाबा, मला माहीत नव्हतं. काकांना विचारायचं राहून गेलं होतं. मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले. काका म्हणाले, जेवलो नाही. परतताना त्यांनी तुमच्या हातात चहाचा कप दिला होता, तो तुम्ही धरून बसलात आणि थंड झाल्यावर ओतून टाकलात. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. दुसरं काही सांगावंसं वाटलं होतं, पण तसंच सांगितलं.

आता एक शब्द देते. चाळीत, ऑफिसात, बघायला येणाऱ्या माणसांत, कुणीही विचारलं की पुण्याला का नाही गेलीस, तर मी पूर्ण सांगेन. मला जागा मिळाली होती. माझे बाबा दिंडोशीच्या खाणीत कॉम्प्रेसर चालवायचे. मी पुण्याला गेले नाही. ते मात्र माझ्यासाठी जाऊन आले.

तुमचं चेडू,
सुनंदा